वाटणीपत्रात काय वाटलं नाही, ते आधी वाचा

प्रश्न थोडक्यात असा. पुणे जिल्ह्यातल्या एका पाटील घराण्याला शके १७९३ चं, म्हणजे १८७१-७२ सालचं, मोडीतलं वाटणीपत्र सापडलं आहे. घरातल्याच एका मुलाने मोडी शिकून ते उतरवून काढलं. आता शंका अशा: भाऊ तिघे असताना वाटे दोनच का पडले? थोरल्या पातीकडे, म्हणजे थोरल्याच्या शाखेकडे, जमीन जास्त का दिसते? धाकट्या भावाच्या विधवेला नुसते जोंधळे आणि लुगडी का? बहिणींचा उल्लेखच का नाही? आणि शेवटी, ‘आमच्या खापरपणजोबांवर, म्हणजे मधल्या भावावर, अन्याय झाला का?’

जुने हक्कलेख तपासणं हे माझं रोजचं काम. असे कागद घेऊन येणारा प्रत्येक जण आधी कोणाला किती मिळालं तेच मोजतो. ते मोजाच, पण एकोणिसाव्या शतकातल्या वाटणीचं खरं पोट ‘सामाईक’ या शब्दाखाली असतं. पुढची सत्तर-ऐंशी वर्षं भाऊबंदकी कशावरून चालली, हे वाटून दिलेल्या शेतांपेक्षा न वाटलेल्या विहिरीवरून लवकर कळतं. तिथे जाण्याआधी शंका उरकून घेऊ.

पहिली गोष्ट आकड्यांची. तुमच्या उताऱ्यात एका सर्व्हे नंबराचा आकार, म्हणजे सरकारी सारा, ‘४११’ लिहिलाय. तो ४॥ आहे, म्हणजे साडेचार रुपये. जुन्या लिहिण्यात आकड्यापुढची एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. नवशिके हमखास त्यांना एक समजतात. साडेचार रुपये साऱ्याची जमीन चारशे अकराची झाली की थोरल्याने घराणं लुटलं असंच वाटणार! सगळे आकडे याच नजरेने पुन्हा तपासा. तुमची निम्मी तक्रार तिथेच विरेल.

आता वाटे दोनच का. कागदाच्या सुरुवातीला धाकट्याबद्दल ‘एकत्र असता मयत’ असे शब्द आहेत, सगळं त्यात आलं. आपल्याकडे मिताक्षरेचा कायदा. (मिताक्षरा आणि मयूख हे हिंदू वारसाकायद्याचे दोन जुने ग्रंथ. मयूखाचा अंमल मुख्यतः गुजरात, मुंबई बेट आणि उत्तर कोकण इथे, घाटावर तो दुय्यम.) एकत्र कुटुंबात भाऊ निपुत्रिक वारला की त्याचा हिस्सा उरलेल्यांत मुरतो. तो वारसांकडे जात नाही, कारण वेगळा असा हिस्सा तोवर पडलेलाच नसतो. तिघे हयात असते तर प्रत्येकी ५ आणे ४ पै झाले असते. धाकटा आधीच गेल्यामुळे सोळा आण्यांचे दोन वाटे पडले, आठ-आठ आणे. मधलाही वारला होता, पण त्याला मुलगे होते. ते बापाच्या जागी उभे राहिले आणि आठ आणे दोघांत चार-चार आणे झाले. डोकी मोजून तिघांना सारखं दिलं नाही, पाती मोजल्या. मधल्या पातीवर इथे अन्याय नाही, उलट धाकट्याच्या हिश्शातला अर्धा तिलाही मिळालाय.

मात्र धाकटा वाटणीआधी वारला की नंतर, ही एकच तारीख त्याच्या बायकोचं नशीब ठरवत होती. नंतर वारला असता तर त्याची सगळी जमीन हयातभर तिच्या ताब्यात गेली असती. आधी वारला म्हणून फक्त अन्नवस्त्र. त्यामुळे ‘एकत्र असता मयत’ हे शब्द घरच्यांनी मुद्दाम घातलेले असू शकतात, आणि मी असे शब्द दिसले की जरा थांबतो. मृत्यूची तारीख पडताळायची असेल तर नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत तुमच्या घराण्याची नामावळ शोधा. क्रियाकर्मासाठी कोण कधी आलं, मागे कोण कोण होतं, हे तिथे बरेचदा मिळतं आणि ते लिहिणाऱ्याचा वाटणीशी काडीचा संबंध नसतो.

विधवेचं कलम पूर्ण वाचा. सालिना बारा मण जोंधळे, दोन लुगडी, ओसरीच्या आतली खोली, इथवर नेहमीचंच. त्यापुढे ‘दत्तक घेण्यास अधिकार नाही’ असं आहे, ते कशाला? आपल्या भागात विधवेला दत्तक घ्यायला नवऱ्याची लेखी परवानगी लागत नसे. बंगाल-मद्रासपेक्षा इथला कायदा तेवढा सैल होता, आणि १८६८ साली मुंबई हायकोर्टाने विभक्त नवऱ्याच्या विधवेबाबत हे मान्य केलं. एकत्र कुटुंबातल्या विधवेला मात्र घरच्यांची संमती हवी, हे १८७९ साली ठरलं. तुमचा कागद या दोन्हींच्या मधला. म्हणजे लिहिणाऱ्याला धोका नेमका ठाऊक होता: आज जोंधळ्यांवर गप्प बसवलेल्या काकूने उद्या माहेरचा एखादा पोर मांडीवर घेतला तर तिसरी पाती जिवंत होईल. त्या काळच्या निकालांत दत्तकाचे खटले ढिगाने सापडतात ते उगाच नाही. तिने पाट लावला, म्हणजे पुनर्विवाह केला, तर अन्नवस्त्र बंद, हेही असेल. पाटाची चाल मराठा-कुणब्यांत जुनीच होती. १८५६ च्या विधवाविवाहाच्या कायद्याने पुनर्विवाहाला मान्यता दिली, पण पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा हक्क त्याच कायद्याने काढून घेतला.

बहिणींबाबत थोडक्यात सांगतो. एकत्र मिळकतीत मुलीला हिस्सा नव्हता; कुमारिकेचा लग्नखर्च सामाईकातून, एवढंच. लग्नं झाली असतील तर कागदात नाव येण्याचं कारणच उरत नाही. पण ‘जुन्या कायद्यात मुलीला काहीच नव्हतं’ असंही म्हणू नका. विभक्त बाप मुलाशिवाय वारला आणि विधवाही गेली तर मिळकत मुलीला जाई, आणि मुंबई इलाख्यात ती तिला पूर्ण मालकीने मिळे. इतर प्रांतांत ती तिच्या हयातीपुरतीच असे. सीमेपलीकडे गोव्यात तर चित्र निराळंच. १८६७ चा पोर्तुगीज दिवाणी कायदा तिथे १८७० पासून लागू झाला, आणि त्याच्या चौकटीत मुलगा-मुलगी दोघंही वारस. तुमच्या घराण्याची एखादी शाखा पेडणे-डिचोलीकडे असेल तर तिथल्या कागदांना ही मोजपट्टी लावू नका.

थोरल्याच्या जास्तीच्या जमिनीकडे येऊ. ज्येष्ठाला जास्त वाटा द्यावा असं स्मृतीत आहे खरं, पण ती चाल केव्हाच मागे पडली होती. आर्थर स्टीलने दख्खनमधल्या जातींच्या रूढी शास्त्रीपंडितांना आणि जातीच्या लोकांना विचारून गोळा केल्या आणि १८२७ साली छापल्या. नियम सारख्या वाट्याचाच होता. त्याच वर्षीच्या मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टनच्या रेग्युलेशनने कोर्टांना सांगितलं की सरकारी कायदा नसेल तिथे देशाची रूढी आधी बघा, धर्मशास्त्र त्यानंतर. तेव्हा पाटील घराण्यात थोरल्याला जास्त दिसलं तर ते थोरलेपणाचं नसून बहुधा पाटीलकीचं असतं. तुमच्या कागदात दोन नंबर ‘पाटीलकीकडील, कामगाराकडे’ असे वेगळे काढले आहेत. कामगार म्हणजे प्रत्यक्ष पाटीलकी चालवणारा. सारा वसूल करणं, मामलेदारापुढे उभं राहणं, चोरी झाली तर माग काढणं हे काम त्याच्या गळ्यात, म्हणून वतनाच्या (पाटीलकीच्या वंशपरंपरागत हक्काच्या) जमिनीचं उत्पन्न आणि मुशाहिरा, म्हणजे मेहनताना, त्याच्याकडे. हे दोन नंबर बाजूला ठेवून बेरीज करा. आठ-आठ आणे जवळपास बरोबर निघतात. थोडी तफावत राहील, कारण वाटे क्षेत्रावर न करता आकारावर केलेले आहेत. मळईचा एक एकर आणि माळाचे चार एकर सारखे धरले जात, आणि ते रास्तही होतं.

वतन घराण्याबाहेर जाऊ नये असा सरकारचाही कटाक्ष होता. १८७४ च्या वतन कायद्याने तशी विक्री परवानगीशिवाय रद्दच धरली, आणि १८८६ च्या दुरुस्तीने वतनात विधवा सोडून बाकी बायकांचा नंबर पुरुष वारसांच्या मागे लावला. म्हणजे खाजगी जमिनीत मुलगी वारस होते, आणि त्याच बापाच्या वतनात दूरचा पुतण्या तिच्या पुढे जातो! एकाच घरातल्या दोन शेतांना दोन वारसाकायदे. हे ध्यानात न घेता १८८६ नंतरचे वारसकज्जे वाचले तर डोकं फिरतं.

आता सामाईकाकडे. तुमच्या कागदात ते शेवटच्या दीड पानात कोंबलंय आणि उतरवणाऱ्याने ‘वगैरे’ म्हणून सोडून दिलंय. सगळ्यात मोलाचं तेच आहे.

विहीर घ्या. दुमोटी, म्हणजे दोन मोटांची, विहीर थोरल्याच्या नंबरात आहे, पण पाणी सामाईक. कागद म्हणतो: आठ दिवसांची पाळी, त्यात चार दिवस थोरली पाती, दोन-दोन दिवस पुतणे. मोट, नाडा, सोंदूर (मोटेचे दोर) ज्याचे त्याने आणायचे. धाव (बैलांच्या चालीची उतरती वाट) आणि थारोळं (मोट रिकामी होते ती टाकी) मात्र सामाईक, डागडुजी हिस्सेरशी, म्हणजे हिश्शाच्या प्रमाणात. पाण्याचा पाट थोरल्याच्या मळ्यातून जाईल, त्याने हरकत करायची नाही. आणि एक बारीक वाक्य, ‘ज्याची पाळी त्याने बैल नसल्यास पाणी दुसऱ्यास द्यावे, पाळी बुडाली म्हणून भरून मागू नये.’ या एका वाक्यात पुढच्या दोन पिढ्यांचं भांडण भरलंय. थोरल्याच्या दावणीला दोन जोड्या असणार. पुतणे पोरवयाचे, त्यांच्याकडे जेमतेम एक जोडी, तीही दुष्काळात टिकेल याचा भरवसा नाही. म्हणजे हक्क कागदावर अर्धा-अर्धा आणि पाणी बैलांच्या हिशेबाने. मधल्या पातीवर अन्याय झाला का, या तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला इथे दिसतं. जमिनीच्या वाट्यात काही खोट नाही. खोट पाण्याच्या अटीत आहे, आणि ती घालणाऱ्याला कळत होतं आपण काय घालतोय.

शास्त्रातही पाणी, वाट, अंगावरचे दागिने, शिजलेलं अन्न या गोष्टी अविभाज्य मानल्या आहेत. व्यवहारात त्याचा अर्थ पाळी. कोकणात तर हे टोकाला गेलं होतं: खोतीच्या (गावाचा सारा वसूल करण्याच्या वंशपरंपरागत हक्काच्या) तक्षिमा, म्हणजे हिस्से, ठरलेल्या असत, पण बऱ्याच गावांत गाव वाटत नसत, वर्षं वाटत. यंदा या तक्षिमेचा वहिवाटदार खोत, पुढच्या साली त्या. देवस्थानच्या पूजेचंही तसंच.

वाड्याची वाटणी खणांवर आहे. पाच खणांचा सोपा थोरल्याला, माजघर आणि परसाकडचे तीन खण पुतण्यांना, दिंडीदरवाजा, चौक आणि देवघर सामाईक. मधली भिंत दोघांनी खर्च करून घालायची, पण पन्हळीचं पाणी कोणत्या बाजूला पडावं ते लिहिलेलं नाही. नकाशा असला तर बघा, त्यावरून पुढे नक्की अर्ज झालेले असतील. आंब्याची झाडं जमिनीपासून वेगळी वाटली आहेत, तेव्हा एकाच्या बांधावरचं झाड दुसऱ्याचं असणं यात विशेष काही नाही. आणि मान: होळीची पहिली पोळी, पोळ्याला पुढचा बैल, लग्नातला विडा हे सगळं थोरल्या पातीला. यावरून लोक दिवाणी कोर्टातही जात. पुढे कोर्टांनी नुसत्या मानाचे, उत्पन्न न जोडलेले दावे ऐकायचं नाकारलं. पेशवाईत असली प्रकरणं गोतसभेपुढे (गावच्या आणि जातीच्या लोकांच्या सभेपुढे) येत आणि महजर, म्हणजे लेखी निवाडा, होई. इंग्रजी अंमलात ती जागा कोणी घेतली नाही. माझ्या मते गावोगावच्या भाऊबंदकीला धार चढली त्याचं हे एक कारण आहे.

सामाईकातलं शेवटचं कलम कर्जाचं, आणि त्याने मला जरा संशय येतो. ‘वडिलांचे वेळचे कर्ज हिस्सेरशी वारावे’ असं आहे, पण सावकाराचं नाव नाही, रक्कम नाही. साल लक्षात घ्या. अमेरिकेतल्या यादवीत कापसाचा भाव चढला तेव्हा दख्खनच्या शेतकऱ्याला सावकारांनी सढळ हाताने पैसा दिला. १८६५ नंतर भाव कोसळला आणि वसुली सुरू झाली. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला सावकारांच्या वह्या जाळल्या गेल्या, त्याआधीची ही दहा वर्षं. या काळात पुष्कळ घरांनी घाईने वाटण्या केल्या. अर्धी जमीन पुतण्यांच्या नावे वेगळी दाखवली की थोरल्यावरच्या हुकूमनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या वसुलीच्या हुकमात, ती सहज जप्त होत नाही. शिवाय १८६६ साली मुंबई सरकारने कायदा करून मुलानातवांची जबाबदारी मेलेल्याकडून आलेल्या मिळकतीपुरतीच ठेवली. तोवर हातात काही आलं नसलं तरी बापाचं कर्ज मुलाच्या मानेवर असे. तेव्हा कोणाकडे काय आलं हे कागदावर आणण्यात सगळ्यांनाच रस होता. तुमची वाटणी खरी की सावकाराला दाखवायची, हे एका कागदावरून सांगता येणार नाही. पुढची दहा-पंधरा वर्षं सारा कोण भरत होतं, चूल कधी वेगळी झाली, पुतण्यांनी स्वतंत्र गहाण-खरेदी केली का, यावरून ते ठरतं.

इथे एक जुना निकाल उपयोगी पडेल. १८६६ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तेव्हाच्या शेवटच्या अपील कोर्टाने, सांगितलं की हिस्से ठरवून लिहिले की कुटुंब विभक्त झालं, मग शेतात बांध पडलेला असो वा नसो. म्हणून ‘आम्ही १९२० पर्यंत एकत्रच कसत होतो’ हे आजोबांचं म्हणणं आणि हा कागद, दोन्ही एकाच वेळी खरे असू शकतात.

दस्ताची नोंदणी बघितलीत का? शंभर रुपयांच्या वरची स्थावर मिळकत असेल तर त्या वेळी नोंदणी सक्तीची होती. मागच्या बाजूला रजिस्ट्रारचा शिक्का आणि नंबर नसेल तर मजकुरात मिळकतीची किंमत काय टाकली ते पाहा. ९९ रुपये टाकायची युक्ती लोकांना माहीत होती. दुसरी युक्ती म्हणजे ‘वाटणी पूर्वीच तोंडी झाली, ही आठवणीकरिता यादी’ असं लिहिणं. तुमच्या कागदावर ‘यादी’ शब्द आहे का, ते मूळ बघून सांगा. उताऱ्यावर माझा भरवसा नाही.

सह्यांकडेही लक्ष द्या. थोरल्याच्या नावापुढे ‘निशाणी नांगराची’ आहे. कुणबी-पाटलाची ती नेहमीची खूण. काकूच्या नावापुढे बांगडीची निशाणी हवी. ती नसेल आणि तिचं नाव फक्त मजकुरात असेल, तर तिच्या हक्कांबद्दलची कलमं तिच्या पाठीमागे लिहिली गेली असं समजायला हरकत नाही. पुतण्यांपैकी धाकटा अज्ञान होता. त्याच्यातर्फे कोणी सही केली? आईने केली असेल तर ठीक. थोरल्या काकाने स्वतःच ‘अज्ञान पालनकर्ता’ म्हणून केली असेल तर मात्र त्या मुलाला सज्ञान झाल्यावर वाटणी उलगडायचा दावा करता आला असता. त्याने तो केला का, हे जिल्हा न्यायालयाच्या जुन्या दप्तरात शोधण्यासारखं आहे.

लोक एका ठिकाणी फसतात ते आधीच सांगून ठेवतो. तुम्ही तलाठ्याकडून जुने उतारे काढाल आणि सगळे नंबर थोरल्याच्या एकट्याच्या खात्यावर दिसतील. लगेच ‘त्यांनी बळकावलं’ असा निष्कर्ष काढू नका. त्या काळी सरकारला सारा भरणारा एक माणूस हवा होता, तो खातेदार. घरात हिस्सेदार किती याची नोंद हक्कनोंदणीचा कायदा १९०३ साली आला त्यानंतर होऊ लागली. म्हणून त्यानंतरचे पहिले फेरफार काढा. त्यात पुतण्यांची नावं पोटहिश्शात आली असतील तर १८७१ ची वाटणी अंमलात होती.

राहिला आजचा प्रश्न. दीडशे वर्षांपूर्वीची, अंमलात आलेली वाटणी आज उलगडता येत नाही, आणि २००५ च्या वारसा दुरुस्तीचाही तिला स्पर्श होत नाही. पण सामाईक ठेवलेल्या वस्तू पुढे कधी वाटल्या नसतील तर त्या आजही सामाईकच. विहिरीवर आता मोटार बसली असेल आणि सातबाऱ्याच्या इतर हक्कांत पाळीची नोंद नसेल, तर या कागदाचं प्रमाणित लिप्यंतर करून घ्या. पुराभिलेख विभागाची मोडीची परीक्षा उत्तीर्ण झालेला जाणकार गाठा, कारण घरच्या मुलाचा उतारा कोर्टात चालणार नाही. तीस वर्षांहून जुना कागद योग्य ताब्यातून आला असेल तर सह्या खऱ्या मानायला कायदा कोर्टाला मुभा देतो. म्हणून तो कोणाकडे, कोणत्या पेटीत, कशाबरोबर सापडला, हे आत्ताच तारखेनिशी लिहून दोघा वडीलधाऱ्यांच्या सह्या घ्या. आणि मूळ कागद लॅमिनेट करू नका. एकदा केला की शाई, कागद, शिक्का यांपैकी काहीच तपासता येत नाही.